आधी तिथली दुसरी नोकरी शोधा

नोकरीसाठी नव्या भागात बिऱ्हाड हलवण्याबद्दल वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले. त्यांतले पाच इथे घेतले आहेत.

प्रश्न : मी जिथे जायचं म्हणतो तिथला बेरोजगारीचा दर दोन वर्षांत ८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. म्हणजे तिथे कामं वाढली, असं धरू का?

नुसत्या दरावरून तसं धरू नका. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्याख्येनुसार ज्याला काम नाही, जो ते शोधतो आहे आणि मिळालं तर करायला मोकळा आहे, तोच बेरोजगार. शोधायचं सोडलं की माणूस हिशेबातून गळतो. समजा, १ लाख माणसांच्या श्रमशक्तीत (काम करणारे आणि काम शोधणारे मिळून) ८ हजार बेरोजगार आहेत. दर झाला ८ टक्के. त्यातले ३ हजार थकून घरी बसले किंवा भाग सोडून गेले. आता ९७ हजारांत ५ हजार उरले, म्हणजे साधारण ५.२ टक्के. एकही नवी जागा न निघता दर उतरला. शिवाय आठवड्यात एक तास जरी मोबदल्याचं काम केलं, तरी त्या व्याख्येत माणूस रोजगारात धरला जातो.

त्यामुळे दराशेजारी आणखी दोन आकडे ठेवा. एक, प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची एकूण संख्या. दोन, २५ ते ५४ वयाच्या दर शंभर माणसांत किती जण कामावर आहेत. हे दोन्ही चढत असतील तरच दराची घसरण खरी. पाच वर्षांचे आकडे घ्या आणि तुलना त्याच महिन्याशी करा. पर्यटनावर किंवा सुगीवर चालणारा भाग हंगामात नेहमीच भरलेला दिसतो.

दरडोई उत्पन्नावरही फार भिस्त ठेवू नका. २०१५ साली आयर्लंडचा जीडीपी एका वर्षात सुमारे २५ टक्क्यांनी वाढलेला दिसला. त्यात मोठा वाटा बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा, म्हणजे पेटंटसारखे हक्क, तिथल्या हिशेबाच्या पुस्तकांत आणल्याचा होता. तेवढ्या नोकऱ्या काही वाढल्या नव्हत्या.

प्रश्न : नोकरीच्या संकेतस्थळांवर त्या शहरातल्या माझ्या कामाच्या भरपूर जाहिराती दिसतात. एवढ्यावर भरवसा ठेवावा का?

जाहिराती हे उत्तम साधन आहे, पण त्या मोजायच्या नसतात, चाळायच्या असतात. आठ आठवडे एक तक्ता ठेवा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, अर्धा तास पुरतो. रकाने असे करा : तारीख, मालक, पद, अनुभवाची अट, पगार, कायम की कंत्राटी, आणि जाहिरात पहिल्यांदा कधी दिसली.

समजा, आठ आठवड्यांत ९० जाहिराती जमल्या. एकच जागा तीन-चार भरती एजन्सी आपापल्या नावाने टाकतात. कामाच्या वर्णनातली दोन वाक्यं जुळवून पाहिली की त्या ओळखू येतात. त्या काढल्या की ९० च्या ४० होतील. मग तुमच्या अनुभवात न बसणाऱ्या काढा. शेवटी जाहिराती सोडून वेगवेगळे मालक मोजा. ते सात-आठच निघाले तर निराश होऊ नका, निर्णय ह्याच आकड्यावर घ्यायचा असतो.

तीच जागा महिन्या-महिन्याला पुन्हा झळकत असेल तर तिथे माणसं टिकत नाहीत, किंवा ती नुसते अर्ज गोळा करण्यासाठी लावलेली आहे. उलट, एखादी जाहिरात दोन आठवड्यांत उतरली आणि महिनाभराने तोच मालक त्याच विभागात वेगळं पद काढतो, तर तिथे विस्तार चालू असण्याची शक्यता मोठी. आठ आठवडे संपायच्या आत पाच-सहा ठिकाणी खरोखर अर्जही करा. उत्तरं किती दिवसांत येतात आणि पगाराचा कोणता आकडा बोलला जातो, हे दुसरीकडे कुठेच छापलेलं मिळत नाही.

प्रश्न : मी प्लास्टिकच्या इंजेक्शन मोल्डिंग मशिनवर सेटर (साचा बसवून मशिन जुळवणारा) आहे. एका मोठ्या कारखान्याने नोकरीचं चांगलं पत्र दिलं आहे. पण सगळं शहर त्याच कारखान्यावर चालतं म्हणतात. जावं का?

पत्र हातात आहे म्हणजे पहिल्या नोकरीचा प्रश्न सुटला. आता पाहायची ती दुसरी. हा कारखाना १८ महिन्यांनी बंद पडला, तर राहतं घर न बदलता तुम्हाला कोण घेईल?

घरापासून ४५ मिनिटांच्या अंतरात तुमचा हात ज्यांना लागेल अशा सगळ्यांची यादी करा. नुसते मोल्डिंगवाले नव्हेत. पॅकेजिंग, वैद्यकीय साहित्य, वाहनांचे सुटे भाग, साचे (डाय-मोल्ड) बनवणाऱ्या टूलरूम, मशिनची दुरुस्ती-देखभाल करणारे. मग प्रत्येकापुढे लिहा, त्याचा माल कोण घेतं. हा रकाना लोक हमखास विसरतात. यादीत दहा नावं आहेत, पण सात जण त्याच मोठ्या कारखान्याला माल देतात, तर तुमच्याकडे चारच मालक आहेत : तो कारखाना आणि उरलेले तिघं. आमच्या मते निदान पाच मालक वेगवेगळ्या गिऱ्हाइकांवर उभे असावेत.

शहर एका उद्योगावर किती टेकलं आहे, हे एका भागाकाराने कळतं. तिथल्या १०० नोकऱ्यांत त्या उद्योगाच्या किती, भागिले देशातल्या १०० नोकऱ्यांत किती. तिथे १५ आणि देशात ३, तर उत्तर ५. उत्तर १ च्या वर असणं वाईट नाही. बाहेरचा पैसा शहरात अशाच उद्योगातून येतो आणि दुकानं, शाळा, दवाखाने त्यावर चालतात. पण ५ वर आलेला एकच उद्योग आणि दुसरा कुठलाच १ च्या वर नाही, हे चित्र धोक्याचं. मोटारींवर उभ्या असलेल्या अमेरिकेतल्या डेट्रॉइटची लोकवस्ती १९५० साली साडेअठरा लाखांच्या आसपास होती. २०१० मध्ये ती सव्वासात लाखांच्याही आत आली आणि २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला.

तरीही जायचं ठरलं तर जरूर जा, पण पहिलं वर्ष भाड्याने राहा. अशा शहरात नोकरी आणि घराची किंमत एकाच वेळी पडतात. खनिज तेल २०१४ च्या मध्यात पिंपाला १०० डॉलरच्या वर होतं, जानेवारी २०१६ मध्ये ते ३० च्या खाली गेलं. तेलावर जगणाऱ्या स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनमध्ये नोकऱ्याही गेल्या आणि घरंही उतरली. कर्जाचे हप्ते मात्र उतरत नाहीत.

प्रश्न : नव्या ठिकाणी पगार ३० टक्के जास्त आहे. पत्नीही नोकरी करते. हिशेब कसा मांडावा?

टक्के बाजूला ठेवा आणि हातात उरणारं पाहा. आजचा तुमचा हातात येणारा पगार १०० धरा. भाडं २५, प्रवास ५, उरले ७०. तिकडे पगार १३०, भाडं ४८, प्रवास १०, उरले ७२. एवढ्या धावपळीनंतर वाढ २ ची. आता पत्नीचा पगार आज ६० असेल आणि तिला तिकडे काम मिळायला सहा महिने लागले, तर पहिल्या वर्षात ३० गेले. दोघांच्या कामासाठी मागच्या उत्तरातली यादी वेगवेगळी करा. जोडप्याच्या बाबतीत दोघांपैकी ज्याची यादी तोकडी, त्याच्यावरून शहर ठरवावं. मोठ्या, मिश्र उद्योगांच्या शहरात भाडं जास्त असूनही दोघांचा मेळ तिथेच लवकर बसतो.

तिथला सरासरी पगार कुणी सांगितला तर मध्यक विचारा. थोड्या बड्या पगारांनी सरासरी फुगते. मध्यक म्हणजे रांगेत बरोबर मधल्या माणसाचा पगार.

प्रश्न : त्या भागात मोठा प्रकल्प जाहीर झाला आहे. आधीच जाऊन राहिलो तर फायदा होईल का?

घोषणेवर घर हलवू नका. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये २०१७ साली फॉक्सकॉन ह्या इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणाऱ्या तैवानी कंपनीचा १० अब्ज डॉलर आणि १३ हजार नोकऱ्यांचा प्रकल्प जाहीर झाला. २०२१ च्या सुधारित करारात ते ६७.२ कोटी डॉलर आणि १,४५४ नोकऱ्या एवढंच उरलं. बांधकामाची कामं आणि नंतरच्या कायम जागा यांतही फरक करा. डेटा सेंटरसारख्या प्रकल्पात गुंतवणूक प्रचंड, पण ते उभं राहिल्यावर लागणारी माणसं मोजकी.

त्यापेक्षा दोन दिवस तिथे जाऊन या, सुट्टीच्या वारी नाही, मंगळवार-बुधवारी. सकाळच्या पाळीला औद्योगिक वसाहतीच्या फाटकाशी उभं राहा. किती गेटांवर ‘कामगार पाहिजेत’ची पाटी आहे, दुसऱ्या पाळीला वाहनतळ भरतो की ओस असतो, हे पाहा. बाजारपेठेच्या एकाच रस्त्यावरचे बंद गाळे मोजा. घरं भाड्याने देणाऱ्या दोन-तीन दलालांना विचारा की रिकामं घर किती दिवसांत उठतं आणि सोडून जाणारे कुठे जातात. शाळेत पहिलीच्या तुकड्या वाढल्या की कमी झाल्या, हेही विचारा. तरुण कुटुंबं टिकून आहेत की निघून चालली आहेत, ते तिथे लवकर दिसतं.