कच्च्या कामाचा कागद

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परळच्या एका बारावीच्या मुलाला तू अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेसाठी, म्हणजे सीईटीसाठी, घरी जाऊन शिकवणार आहेस, हे वाचून फार आनंद झाला. सुरुवात कोठून करावी असे तू विचारलेस, म्हणून सवडीने लिहायला बसले आहे. तू स्वतः हीच परीक्षा देऊन माटुंग्याला व्हीजेटीआयमध्ये पोहोचलास, तेव्हा अभ्यासक्रम तुला मी सांगायला नको. मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. तुला येते आहे आणि समोरच्याला अडते आहे, अशा वेळी पेन आपल्या हातात घेण्याचा मोह फार मोठा असतो, आणि माझ्या पहिल्या वर्षी मी त्याला पुरती बळी पडले होते.

तेव्हा दादरच्या घरी एक मुलगा माझ्याकडे गणितासाठी येत असे. मी उदाहरण सोडवून दाखवायची, तो मान हलवायचा, ‘समजलं बाई’ म्हणायचा आणि आम्ही पुढच्या उदाहरणाकडे वळायचो. सात महिन्यांत सगळा अभ्यासक्रम दोनदा झाला. मग त्याने एकट्याने बसून पूर्ण सराव परीक्षा दिली आणि निम्मी गणितेही सुटली नाहीत. त्याचे कच्च्या कामाचे कागद मी मागून घेतले, तेव्हा पानोपानी उदाहरणाची पहिली ओळ लिहिलेली होती आणि दुसरी नव्हती. ती दुसरी ओळ सात महिने मी लिहीत आले होते. त्या कागदांनी मला जे शिकवले, तेच आज तुला सांगते आहे.

साठ-सत्तर मुलांच्या वर्गात शिक्षकाला फक्त उत्तर दिसते. ते उत्तर कसे तयार झाले, हे पाहायला त्याच्याजवळ वेळ नसतो. एकट्या मुलाला शिकवताना तुला ते पाहता येते, आणि त्याचे आईवडील तुला पैसे देतील ते खरे तर याच पाहण्याचे. म्हणून समोर बसू नकोस, शेजारी बस. मुलगा उजव्या हाताने लिहीत असेल तर त्याच्या डावीकडे बस, म्हणजे लिहिणाऱ्या हाताआड अक्षरे लपणार नाहीत. त्याला उदाहरण दे आणि तो पूर्ण थांबेपर्यंत बोलू नकोस. पहिले काही दिवस ही शांतता तुम्हा दोघांनाही जड जाईल. आतल्या खोलीत आई बसलेली असेल आणि ‘हा मुलगा शिकवत का नाही’ असे तिच्या मनात येईल, म्हणून आपली पद्धत तिला पहिल्याच दिवशी समजावून सांग.

एक उदाहरण घेऊ. साइन इन्व्हर्स, कंसात दोन एक्स भागिले एक अधिक एक्स वर्ग, याचे विकलन. बहुतेक मुले लगेच शृंखला नियम लावतात, भागाकाराचे विकलन लिहितात, वर्गमुळात शिरतात आणि चार मिनिटे पानभर झगडतात. त्याला झगडू दे. मग एवढेच विचार की हा आकार तू पूर्वी कोठे पाहिला आहेस. एक्सच्या जागी टॅन थीटा घेतला की कंसात साइन दोन थीटा उरतो, आणि एक्स उणे एक ते एक यांच्या दरम्यान असेल तर उत्तर दोन भागिले एक अधिक एक्स वर्ग असे दोन ओळींत येते. त्याला आकार ओळखता आला नाही, तर त्याचे विकलन कच्चे नाही, अकरावीची त्रिकोणमिती कच्ची आहे, आणि विकलनाची आणखी शंभर उदाहरणे देऊनही ती पक्की होणार नाही. या परीक्षेत अकरावीला सुमारे 20 टक्के आणि बारावीला 80 टक्के भार आहे, हे वाचून मुले अकरावी सोडून देतात. पण बारावीच्या कित्येक प्रश्नांच्या पोटात अकरावीच असते.

वेळेविषयी बोलायला घाई करू नकोस, पण हिशेब मनात ठेव. पीसीएम, म्हणजे भौतिक, रसायन आणि गणित या गटात पहिल्या 90 मिनिटांत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांचे प्रत्येकी 50 प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. नंतरच्या 90 मिनिटांत गणिताचे 50 प्रश्न, प्रत्येकी 2 गुणांचे, म्हणजे एकाला 108 सेकंद. पहिला भाग संपला की तो बंद होतो आणि गणितातला उरलेला वेळ तिकडे नेता येत नाही. कॅल्क्युलेटर नसतो. तेव्हा लोलकाची लांबी चौपट केली तर आवर्तकाल किती होईल, या प्रश्नात जो मुलगा सूत्रातल्या पाय (π) आणि जी (g) यांच्या किमती घालत बसतो, त्याची 54 सेकंदे तेथेच संपतात. आवर्तकाल लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो हे ज्याला दिसते, तो ‘दुप्पट’ लिहून पुढे जातो. घड्याळ लावून हे दिसू लागत नाही, आधी दिसावे लागते. निदान दिवाळीपर्यंत घड्याळ बाजूला ठेव, असे माझे स्पष्ट मत आहे.

चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून परीक्षेत एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हे त्याला माहीत असेलच. सरावात मात्र या सवलतीचे नुकसान होते, कारण अंदाजाने आलेले बरोबर उत्तर तुझ्या नजरेतून निसटते. प्रत्येक उत्तरापुढे त्याला एक खूण करायला सांग: खात्रीने लिहिले, अर्धवट आठवून लिहिले की अंदाजाने. अंदाजाने बरोबर आलेले प्रश्न आधी उघड, चुकलेले त्यानंतर.

आणि ‘सिली मिस्टेक’ हा शब्द तुमच्या दोघांच्या बोलण्यात येऊ देऊ नकोस. हा शब्द उच्चारला की चुकीचा तपास थांबतो. उणे चिन्ह कंस सोडवताना हरवले, सेंटिमीटरचे मीटर केले नाहीत, ‘कोणते विधान चुकीचे आहे’ हे घाईत ‘बरोबर आहे’ असे वाचले, की कागदावर क लिहून पडद्यावर ब दाबला, या चार निरनिराळ्या चुका आहेत आणि चौघींचे उपाय वेगळे आहेत. एका वेगळ्या वहीत त्या त्याच्याच शब्दांत लिहून घे. दोन महिन्यांत तुला दिसेल की चुका वाटतात तितक्या नसतात. त्याच तीन-चार पुन्हा पुन्हा येतात.

पालकांना पर्सेंटाइलचे वचन देऊ नकोस, त्यांनी कितीही आग्रह केला तरी. पर्सेंटाइल म्हणजे गुणांची टक्केवारी नव्हे. त्याच सत्रात बसलेल्या मुलांपैकी शेकडा किती जणांचे गुण त्याच्याइतके किंवा कमी आहेत, हे तो आकडा सांगतो. इतरांची तयारी तुझ्या हातात नाही. फी, दिवस आणि सुट्ट्या पहिल्याच भेटीत मोकळेपणाने ठरव. दार उघडे असलेल्या खोलीत, घरातली माणसे वावरत असतील तेथेच बसून शिकव. पुढे मुलींना शिकवायला जाशील तेव्हा तर हे कटाक्षाने पाळ. आणि मुलगा दिवसभर कॉलेज, क्लास आणि लोकलची गर्दी सोसून संध्याकाळी सात वाजता समोर बसला असेल, तर पहिली दहा मिनिटे त्याला पाणी पिऊ दे, आदल्या दिवशीचे काही त्याच्याकडून ऐक. थकलेल्या मुलाला दीड तास पुरे होतो.

एक गोष्ट तुला कठीण जाईल. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा उरकली की सीईटीपूर्वीच्या आठवड्यांत पालक रोज येण्याचा आग्रह धरतील. तेव्हा तू आठवड्यातून दोनदाच जा. उरलेले दिवस त्याने एकट्याने पूर्ण तीन तासांच्या परीक्षा द्याव्यात आणि तू फक्त कागद पाहावेस. त्यात तुझी फी कमी होईल, ते मला कळते. तरीही असेच कर.

पुढच्या रविवारी दुपारी घरी ये. येताना त्याच्या एका चाचणीची उत्तरे नकोत, कच्च्या कामाचे कागद तेवढे घेऊन ये. त्याची दुसरी ओळ कोठे थांबते, ते आपण दोघे मिळून पाहू.

तुझ्या,
बाई