शिकागोतल्या पिल्सनमधल्या मेक्सिकन संग्रहालयाच्या कार्यक्रमांना आपल्यासारख्यांनी गेलेलं चालतं का?

बिनधास्त जा. तुम्ही लिहिलंय की स्पॅनिश येत नाही, तिकडे ओळखीचं कुणी नाही, मुलं लहान आहेत, आणि ‘मृतांचा दिवस’ हा गेलेल्यांच्या आठवणीचा मेक्सिकन सण म्हणजे त्यांचं घरचं कार्य असताना आपण मध्येच कसं घुसायचं. पहिल्या तीन गोष्टींची चिंता सोडा. चौथीचा विचार केलात हे मात्र बरं केलंत, त्यावर पुढे लिहिते.

नॅशनल म्युझियम ऑफ मेक्सिकन आर्ट पिल्सन या मेक्सिकन वस्तीतल्या हॅरिसन पार्कात, 19 व्या रस्त्यावर आहे. पिंक लाइन ट्रेनच्या 18 व्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरा. जिन्यापासूनच भिंती रंगवलेल्या दिसतील. सोमवारी बंद असतं. वस्तूंखालची माहिती इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत असते. तिकीट नाही, आणि 1987 मध्ये दारं उघडल्यापासून कधीच नव्हतं. 1982 साली कार्लोस टॉर्टोलेरो, हेलन वाल्डेझ आणि त्यांच्यासारख्याच काही शिक्षकांनी जेमतेम नऊशे डॉलरवर ही संस्था सुरू केली. कामगारवस्तीतल्या माणसाला मुलाबाळांसकट कधीही आत येता यावं, हा आग्रह तेव्हापासूनचा. पुढे पार्कातलीच एक जुनी इमारत मिळाली, तिथे पूर्वी बोटी बनवायचं काम चाले. आपली मंडळं गणपतीला उपनगरातल्या शाळेचा हॉल भाड्याने घेतात आणि रात्री खुर्च्या रचून चावी परत करतात. त्यामुळे हक्काच्या छपराचा मला फार हेवा वाटतो, हे जाता जाता.

वर्षभर काही ना काही चालू असतं, पण पहिल्यांदा जाणार असाल तर सप्टेंबरअखेर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत कधीतरी जा. तेव्हा मृतांच्या दिवसाचं मोठं प्रदर्शन लागलेलं असतं. त्यात ‘ओफ्रेंदा’ बघा. ओफ्रेंदा म्हणजे गेलेल्या माणसासाठी मांडलेली पायऱ्यापायऱ्यांची आरास. वरच्या पायरीवर फोटो. लांबून चालत आलेल्या आत्म्याला तहान लागलेली असणार म्हणून पाण्याचा पेला, शेजारी मीठ, मेणबत्त्या, कोपाल नावाच्या राळेचा धूप. वर पातळ रंगीत कागदाच्या पताका. थप्पी करून छिन्नीने नक्षी कोरलेल्या. आणि त्या माणसाला जे आवडायचं ते: कुणाची सिगारेटची पाकिटं, कुणाची कोका-कोलाची काचेची बाटली, कुणाचा विणकामाचा अर्धा राहिलेला तुकडा. श्राद्धाच्या पानात आजोबांच्या आवडीची अळूवडी वाढणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. सगळीकडे झेंडू पसरलेला असतो, वाट सापडावी म्हणून पाकळ्यांची रांगही घालतात. आपण दसऱ्याला ज्याची तोरणं लावतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला असं मानतात.

काही आराशी कलावंतांनी केलेल्या असतात आणि त्या फक्त घरच्या माणसांपुरत्या नसतात. 2020 चं प्रदर्शन कोविडमध्ये गेलेल्यांच्या आठवणीत होतं. त्या वस्तीतल्या लोकांना घरून काम करायची सोय नव्हती, हे लक्षात ठेवून ते बघावं लागतं.

आता तुमचा चौथा मुद्दा. संग्रहालयात आत कुणाला संकोच वाटायचं कारण नाही. पण ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला बाहेर पार्कात जो मोठा कार्यक्रम होतो, त्यात वस्तीतली कुटुंबं आपापल्या ओफ्रेंदा मांडतात आणि संध्याकाळी गेलेल्यांचे फोटो इमारतीच्या भिंतीवर प्रकाशाने दाखवतात. तिथे त्या फोटोतल्या बाईची मुलगी शेजारीच खुर्ची टाकून बसलेली असू शकते. विचारल्याशिवाय जवळून फोटो काढू नका. ‘ही कोण?’ एवढं इंग्रजीत विचारलंत तरी बहुतेक वेळा पुढची वीस मिनिटं तुम्हाला फक्त ऐकायचं असतं. मुलांनी चेहऱ्यावर कवटी रंगवून घेतली तर हरकत नाही, तिथे रंगवणारे बसलेलेच असतात. फक्त याला मेक्सिकन हॅलोविन म्हणू नका, लोक वैतागतात आणि त्यांचं बरोबर आहे.

उन्हाळ्यात यायचं असेल तर ‘फिएस्ता देल सोल’ आहे. पाळणे, गाणी, मक्याची कणसं, तोबा गर्दी. ती मुळात 1972 मध्ये वस्तीला स्वतःचं हायस्कूल हवं या लढ्यातून सुरू झालेली जत्रा. ते हायस्कूल, बेनितो हुआरेझ, 1977 मध्ये उभं राहिलं.

भित्तिचित्रांसाठी 16 व्या रस्त्याला रेल्वेच्या भिंतीने चालत जा. काही चित्रं फिकी झालीत, काही गेली. कासा आस्तलान नावाचं जुनं समाजकेंद्र विकलं गेल्यावर त्याच्या भिंतीवरची रे पॅटलान यांची चित्रं 2017 मध्ये नव्या मालकाने सरळ रंगवून टाकली. वस्ती इतकी खवळली की त्याला माफी मागावी लागली, आणि पॅटलान यांनी तिथे पुन्हा चित्र काढलं. इमारतीत मात्र भाड्याची घरंच झाली. भाडी वाढून हजारो मेक्सिकन कुटुंबं पिल्सन सोडून गेली आहेत. यांतल्या अनेकांच्या आधीच्या पिढीला विद्यापीठाच्या नव्या आवारासाठी शेजारच्या वस्तीतून उठवलं होतं, म्हणून तर ती इथे आली. त्यामुळे पार्किंगवरून कुणी कपाळाला आठ्या घातल्या तर मनावर घेऊ नका, ट्रेननेच जा.

पैसे खर्च करायचे ते वस्तीत करा. 18 व्या रस्त्यावरच्या कुठल्याही पानादेरियात, म्हणजे बेकरीत, शिरा. थाळा आणि चिमटा आपणच उचलायचा, हवे ते पाव घ्यायचे आणि गल्ल्यावर न्यायचे. त्या दिवसांत वर हाडांच्या आकाराच्या पट्ट्या असलेला, साखर भुरभुरवलेला गोल पाव मिळतो; तो मुलं हमखास खातात. शाकाहारी असाल तर घोटलेल्या राजम्याबद्दल आधी विचारून घ्या, त्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते. आणि संग्रहालयाच्या दारातल्या दानपेटीत तिकिटाएवढे तरी टाका.