मुलगा अंग चोरत नाही, त्याचं कोपर दुखतंय

नेरुळहून एका वडिलांनी लिहिलं आहे: "मुलगा १६ वर्षांचा. दहावीला ८१ टक्के. क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाज होता, दोन वर्षांपासून बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे फलंदाजाकडे बॉल फेकणारा, आहे. रोज पहाटे साडेपाचला मी स्वतः त्याच्याकडून १५० बॉल टाकून घेतो. हल्ली कोपर आतल्या बाजूने दुखतं म्हणतो, पण ते अंग चोरणं आहे. अकरावीला नुसतं नाव घालून पूर्ण वेळ बेसबॉल करायचा आमचा विचार आहे. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना जमलं, कुमार रॉकरला जमलं, मग याला का नाही? अमेरिकेतल्या ट्रायलसाठी एका एजंटने सहा लाख सांगितले आहेत."

नमस्कार. तुमचं पत्र तीन पानी आहे. त्यात मुलाच्या तोंडचं एकच वाक्य सापडलं, कोपर दुखतं. तेही तुम्ही पुढच्याच शब्दात खोडून काढलंत. म्हणून करिअरचं नंतर बोलू. उद्या पहाटे त्याला झोपू द्या. परवाही.

कोपराच्या आतल्या बाजूचं दुखणं पिचरने अंगावर काढायचं नसतं. बॉल फेकताना मोठा ताण तिथल्या लिगामेंटवर, म्हणजे हाडं जोडून धरणाऱ्या पट्टीवर, येतो, आणि या वयात तिथलं हाड अजून वाढीला असू शकतं. अमेरिकेत मेजर लीग (तिथली सर्वांत वरची व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल (तिथली राष्ट्रीय संघटना) यांनी मुलांसाठी मर्यादा घालून दिल्या आहेत. १५-१६ वर्षांच्या मुलाने सामन्यात एका दिवशी जास्तीत जास्त ९५ पिच, म्हणजे फेकी, टाकायच्या. ७६ किंवा त्याहून जास्त टाकल्या तर पुढचे चार दिवस पिचिंग बंद. वर्षातले किमान चार महिने स्पर्धेतली पिचिंगच नाही, आणि त्यातले दोन-तीन महिने सलग हात डोक्यावरून फिरवून काही फेकायचंच नाही. ज्या देशाचा हा खेळ आहे, तिथे असं आहे. तुम्ही रोज १५० टाकून घेताय! तुमची मेहनत खरी आहे, कळकळही खरी आहे. पण हे प्रशिक्षण नाही. तो मुलगा सांगून दमला आहे आणि त्याचं कोणी ऐकत नाही.

गोलंदाजाचा हात आणि पिचरचा हात एकच, हेही डोक्यातून काढा. गोलंदाजीत धावण्याचा वेग मदतीला असतो आणि हात जवळजवळ सरळ राहतो. पिचर जागेवरून, कोपर वाकवून झटक्याने फेकतो. क्रिकेटने तयार झालेला खांदा त्या कोपराला वाचवत नाही.

आता रिंकू (क्रिकेटमधला नव्हे) आणि दिनेश. दोघे उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू. पिचर शोधायला भारतात झालेल्या २००८ च्या स्पर्धेतून निवडले गेले आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीगमधल्या क्लबने त्यांना करारबद्ध केलं. गोष्ट बहुतेकांना इथपर्यंतच माहीत असते. दिनेशला क्लबने २०१० मध्ये सोडलं. रिंकू जास्त टिकला, पण दुखापतींनी त्याची वर्षं खाल्ली आणि २०१८ मध्ये तो कुस्तीसाठी डब्ल्यूडब्ल्यूईत गेला. मेजर लीगमध्ये दोघांपैकी कोणीही एकही सामना खेळला नाही. करार म्हणजे पोहोचलो, हा गैरसमज इथून येतो. करार झालेला मुलगा सर्वांत खालच्या रूकी लीगमध्ये सुरुवात करतो. तिथून मेजर लीगच्या लगेच खालच्या ट्रिपल-ए पर्यंत एकेक पायरी, आणि बहुतेक जण मधेच गळतात. २०२३ च्या करारानंतर रूकी पातळीचं किमान वेतन वर्षाला १९,८०० डॉलर झालं. त्याच वर्षी मेजर लीगचं किमान वेतन ७,२०,००० डॉलर होतं. जाहिरातीत दिसतो तो हा दुसरा आकडा.

कुमार रॉकर आईकडून भारतीय वंशाचा, पण वाढला अमेरिकेत, कॉलेजमध्ये खेळून वर आला. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, टेक्सास रेंजर्स या क्लबने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. २०२३ मध्ये त्याच्याही कोपराच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली. टॉमी जॉन सर्जरी म्हणतात ती हीच, १९७४ मध्ये याच नावाच्या पिचरवर पहिल्यांदा झालेली. तिच्यातून उठून पुन्हा पिचिंग करायला साधारण वर्ष ते दीड वर्ष जातं. रॉकर २०२४ मध्ये परतला, कारण त्याच्यामागे क्लबचे डॉक्टर होते. तुमच्या मुलामागे सध्या फक्त तुम्ही आहात.

एजंटला एक रुपयाही देऊ नका. क्लबला खेळाडू हवा असला तर खर्च क्लब करतो. ड्राफ्ट तर अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिकोमधल्या मुलांपुरता असतो, त्यामुळे "ड्राफ्टमध्ये नाव घालतो" असं कोणी म्हणालं तर फोन ठेवून द्या.

अकरावीला रोज हजेरी लागणाऱ्या कॉलेजात घाला. सीईटी की जेईई, की कॉमर्स, ते त्याच्या आवडीने ठरेल, घाई नाही. पिचरच व्हायचं असेल तरी बारावीनंतर अमेरिकेतल्या कॉलेजच्या संघातून जाणारा रस्ता त्यातल्या त्यात शहाणपणाचा आहे, आणि त्या दारात मार्क विचारतात. ८१ टक्के हा त्याच्या हातातला खरा पत्ता आहे, तो फेकून देऊ नका.

या आठवड्यात खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. सोबत तुम्ही जालच, जायलाच हवं. पण डॉक्टरांनी कुठे दुखतं, केव्हापासून, असं विचारलं की उत्तर त्याला देऊ द्या.