रूट कॅनॉलमध्ये मेथिलीन ब्लू आणि लेझर वापरूनही फरक का पडत नाही?

तुम्ही लिहिलंय की कॅनॉल हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने धुऊन लगेच मेथिलीन ब्लू हे निळं रंगद्रव्य सोडता, दवाखान्यातला ८१० नॅनोमीटरचा डायोड लेझर एक मिनिट देता, तरी जुन्या रिट्रीटमेंटच्या (आधी केलेला रूट कॅनॉल पुन्हा करण्याच्या) केसेसमध्ये फरक दिसत नाही. मग फोटोडायनॅमिक थेरपी, म्हणजे रंग आणि प्रकाशाने जंतू मारणं, नुसती नावालाच आहे का?

तसं नाही. पण तुमच्या क्रमात ती दोन ठिकाणी सुरू होण्याआधीच बंद पडते आहे.

पहिली चूक लेझरची. मेथिलीन ब्लू ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश शोषतो. ८१० चा अवरक्त प्रकाश त्याच्यातून जवळजवळ तसाच निघून जातो. ८१० वापरायचाच असेल तर रंगद्रव्य इंडोसायनिन ग्रीन हवं. टोल्युइडिन ब्लूला ६३० ते ६३५ लागतो, करक्युमिनला निळा प्रकाश. रंग आणि तरंगलांबी जुळत नसताना पॉवर वाढवली तर मिळते फक्त उष्णता. मुळाच्या बाहेरच्या बाजूचं तापमान १० अंशांनी वाढलं तरी लिगामेंटला (दात हाडाला जोडणाऱ्या तंतूंना) आणि हाडाला धोका असतो. या उपचारात उष्णतेचं काही काम नाही, १०० मिलीवॅट पुरतात.

दुसरी चूक हायपोक्लोराइटची. तो ब्लीच आहे. कॅनॉलमध्ये उरलेला अंशसुद्धा मेथिलीन ब्लूचा रंग उडवतो. रंग उडाला की प्रकाश शोषायला कुणी उरतच नाही.

म्युनिकच्या ऑस्कर राब यांनी १९०० साली प्रसिद्ध केलं ते हेच: अ‍ॅक्रिडीन हे रंगद्रव्य घातलेल्या पाण्यातले पॅरामीशियम (एकपेशीय जीव) उजेडात झपाट्याने मेले, अंधारात टिकून राहिले. रंग, प्रकाश आणि ऑक्सिजन तिन्ही एकाच जागी, एकाच वेळी लागतात. त्यातून तयार होणारा सिंगलेट ऑक्सिजन (जंतू मारणारं ऑक्सिजनचं अतिक्रियाशील रूप) काही मायक्रोसेकंदच टिकतो आणि मायक्रॉनभरही लांब जात नाही. म्हणून रंग जंतूच्या अंगाला चिकटलेला हवा, नुसता कॅनॉलमध्ये भरलेला असून चालत नाही.

मी सुचवेन तो क्रम असा. रबर डॅम (दात वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावून नेहमीसारखं बायोमेकॅनिकल प्रिपरेशन (फाइलने कॅनॉल साफ आणि रुंद करणं) आणि हायपोक्लोराइट पूर्ण करा. एपिकल प्रिपरेशन (मुळाच्या टोकाजवळचं रुंदीकरण) निदान ३० नंबरच्या फाइलपर्यंत न्या, नाहीतर लेझरचा प्रकाश नेणारा २०० ते ३०० मायक्रॉनचा फायबर खाली उतरणार नाही. मग स्मिअर लेअर (घासल्यावर भिंतीवर बसलेला चुऱ्याचा थर) काढणारं १७ टक्के इडीटीए एक मिनिट. तो थर राहिला तर डेंटिनच्या (दाताच्या आतल्या कठीण भागाच्या) नलिकांची तोंडं बंद राहतात आणि रंग आत शिरत नाही. त्यानंतर भरपूर सलाइन, इथे हात आखडू नका. पेपर पॉइंटने पाणी टिपून घ्या. आता साइड-व्हेंटेड सुईने ०.०१ टक्के मेथिलीन ब्लू वर्किंग लेंथपर्यंत (मुळाच्या टोकापर्यंत मोजलेल्या कामाच्या लांबीपर्यंत) भरा, लहान फाइलने हलवून हवेचा बुडबुडा मोडा आणि दोन ते पाच मिनिटं थांबा. घाईत हेच थांबणं आधी वगळलं जातं. मग फायबर वर्किंग लेंथपासून एक-दोन मिलिमीटर अलीकडे ठेवून गोल फिरवत वर-खाली करत एक ते दोन मिनिटं प्रकाश द्या. १०० मिलीवॅट, ६० सेकंद म्हणजे ६ ज्यूल.

रंग गडद म्हणजे परिणाम जास्त, हा समज सोडा. दाट द्रावणात रेणू एकमेकांना चिकटतात आणि वरचा थरच प्रकाश अडवतो. प्रयोगशाळेतलं १ टक्क्याचं स्टेन तर आणूच नका. ते १०० पट दाट असतं आणि निर्जंतुकही नसतं. तयार स्टेराइल द्रावणच घ्या. फायबरचं टोक तुटलं किंवा काजळलं की बाहेर पडणारा प्रकाश कमी होतो, आणि नुसत्या डोळ्यांना तो फरक कळत नाही. पॉवर मीटरने टोकाशी तपासा. वाकड्या कॅनॉलमध्ये फायबर जबरदस्तीने ढकलू नका. बाहेरून, क्राउनपाशी धरलेला प्रकाश एपेक्सपर्यंत (मुळाच्या टोकापर्यंत) पुरेसा पोचत नाही.

प्रकाश देऊन झाल्यावर रंग आत ठेवायचा नाही. आता मात्र हायपोक्लोराइटचा ब्लीचपणा कामी येतो: त्याने धुवा, पल्प चेंबरच्या भिंती नीट पुसा, नाहीतर समोरच्या दातात निळसर छटा दिसते. शेवटी पुन्हा सलाइन, कारण उरलेला हायपोक्लोराइट रेझिन सीलरची (कॅनॉल बंद करणाऱ्या पदार्थाची) पकड बिघडवतो. या सगळ्यात क्लोरहेक्सिडिन हे दुसरं जंतुनाशक आणणार असाल तर हायपोक्लोराइटशी थेट गाठ पडू देऊ नका, तपकिरी गाळ बसतो.

तुम्हाला, असिस्टंटला आणि पेशंटला, तिघांनाही त्याच तरंगलांबीचे गॉगल लागतात. रंगाची अ‍ॅलर्जी, पॉर्फिरिया (प्रकाशाने त्रास होऊ शकणारा आजार) आणि जी-सिक्स-पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची कमतरता आधी विचारून घ्या.

केस निवडताना माझं मत स्पष्ट आहे. जिवंत पल्प (दाताचा गर) असलेल्या पल्पायटिसमध्ये, म्हणजे गराच्या सुजेत, याची गरज नाही. तिथे खोलवर संसर्ग पसरलेलाच नसतो. नेक्रोटिक (गर मेलेला) दात, पेरिएपिकल लीजन (मुळाच्या टोकाभोवतीची हाडातली इजा), एन्टेरोकॉकस फीकॅलिससारखे चिवट जंतू असू शकणाऱ्या रिट्रीटमेंटच्या केसेस, इथे हायपोक्लोराइटनंतरची भर म्हणून जरूर करा. हायपोक्लोराइटऐवजी कधीच नको: हा उपचार मेलेला पल्प विरघळवत नाही, आणि इस्थमसमध्ये (दोन कॅनॉलना जोडणाऱ्या अरुंद फटीत) मेलेल्या पल्पचा तुकडा राहिला तर त्याच्याआड ना रंग पोचतो, ना प्रकाश. चुकलेला एमबी-टू कॅनॉल (वरच्या दाढेतला सहज न सापडणारा जास्तीचा कॅनॉल) किंवा गळणारं क्राउन असेल तर आधी ते शोधा.