आयएस २५० की आयएस ३५०? आधी ही गाडी कशी बदलत गेली ते बघा

तुमच्यापुढे दोन गाड्या आहेत. एक २०११ ची लेक्सस आयएस २५०, कमी पळालेली आणि स्वस्त. दुसरी २०१५ ची आयएस ३५०, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणारी, तीस हजार मैल जास्त पळालेली आणि तरीही महाग. "दोन्ही आयएसच, मग जादा पैसे कशाचे?" असं तुम्ही विचारलंय. माझ्याकडे आधी २००३ ची आयएस ३०० होती, आता २०१४ ची आयएस ३५० आहे. तेव्हा माझं माप थोडं एका बाजूला झुकलेलं आहे, हे धरूनच वाचा.

लेक्सस म्हणजे टोयोटाचाच महागड्या गाड्यांचा ब्रँड, पण ही गाडी मुळात लेक्सस नव्हतीच. ऑक्टोबर १९९८ मध्ये जपानात ती टोयोटा अल्टेझा म्हणून आली. मुख्य अभियंते नोबुआकी कातायामा. तरुण पोरं आजही जिच्यासाठी वेडी होतात त्या एई८६ कोरोलावर काम केलेला हा माणूस. आटोपशीर आकार, मागच्या चाकांना ताकद, सहा गिअरची मॅन्युअल पेटी आणि २१० अश्वशक्तीचं दोन लिटरचं चार सिलिंडरी इंजिन. त्या वर्षीचा 'जपान कार ऑफ द इयर' पुरस्कार तिलाच मिळाला. युरोपात ती आयएस २०० झाली, आणि अमेरिकेत २००१ चं मॉडेल म्हणून आयएस ३०० नावानं उतरली. इथे तिला टोयोटाच्या सुप्रा या स्पोर्ट्स कारच्याच घराण्यातलं तीन लिटरचं सरळ सहा सिलिंडरी इंजिन मिळालं, २१५ अश्वशक्तीचं. मॅन्युअल गिअर मात्र २००२ पासून.

समोरचा निशाणा उघड होता: बीएमडब्ल्यूची थ्री सिरीज. माझी २००३ ची गाडी मॅन्युअल होती. स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळायचा, तसं त्यानंतरच्या कुठल्याच आयएसमध्ये मला जाणवलं नाही. स्पीडोमीटर मनगटी क्रोनोग्राफसारखा, तबकडीत छोट्या तबकड्या. मागचे पारदर्शक दिवे इतके गाजले की 'अल्टेझा लाइट्स' नावाचे नकली दिवे पुढे कुठल्याही टपरी गाडीवर दिसायला लागले. पण मागच्या सीटवर जागा नाही. आई सांगलीहून आली होती, तासभर मागे बसली आणि उतरताना म्हणाली, "गाडी चांगली आहे रे, पण दोघांचीच आहे."

२००५ मध्ये लेक्सस हे नाव जपानातही सुरू झालं आणि अल्टेझा हे नाव गेलं. दुसरी पिढी (अमेरिकेत २००६ चं मॉडेल) वेगळ्याच स्वभावाची निघाली. आत शांतता, चांगलं चामडं, उत्तम जुळणी, पण स्टिअरिंग मऊ. सुरुवातीच्या आयएस ३५० मध्ये घसरण रोखणारी यंत्रणा पूर्ण बंदच करता यायची नाही, त्यामुळे हौशी मंडळी वैतागली. शिवाय अमेरिकेत मॅन्युअल गिअर मिळायचा फक्त कमजोर आयएस २५० ला. हे गणित मला कधी उमगलं नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर इथेच आहे. आयएस २५० चं अडीच लिटरचं व्ही६ इंजिन २०४ अश्वशक्तीचं, ३५० चं साडेतीन लिटरचं ३०६ चं. पण फरक नुसत्या ताकदीचा नाही. २५० मध्ये पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत फवारलं जातं. इनटेक व्हॉल्व्हच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या झडपांच्या, पाठीवरून पेट्रोल कधी वाहतच नाही, त्यामुळे तिथे काजळी साचत जाते, मग गाडी थंडीत अडखळते, उभी असताना थरथरते. ३५० मध्ये थेट फवारणीबरोबर इनटेक मार्गातही वेगळे इंजेक्टर आहेत. तिथून येणारं पेट्रोल व्हॉल्व्ह धुऊन काढतं. एकाच बॉनेटखाली बसणारी दोन इंजिनं, पण म्हातारपण अगदी वेगळं. काजळीच्या तक्रारी सुरुवातीच्या वर्षांच्या गाड्यांत जास्त आहेत हे खरं, पण २५० ची रचना २०१५ पर्यंत तीच राहिली. म्हणजे 'नवीन २५० घेतो' असं म्हणूनही सुटका नाही.

याच पिढीतली आयएस एफ, २००८ चं मॉडेल. लेक्ससचे अभियंते युकिहिको यागुचींनी त्या छोट्या अंगात पाच लिटरचं व्ही८ कोंबलं, ४१६ अश्वशक्तीचं, आठ गिअरच्या ऑटोमॅटिकसह. मागे एकावर एक रचलेली चार एक्झॉस्टची तोंडं दिसतात ना, ती बंपरला लावलेली आहेत, खरे पाइप त्यांच्या मागे थोडे अलीकडेच संपतात. एवढी खरी गाडी आणि हा नट्टापट्टा! तरीही कोणी विकत असेल तर मला आधी सांगा. आयएस सी नावाची छत दुमडणारी गाडीही त्याच काळात आली. तिच्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही.

तिसरी पिढी जानेवारी २०१३ मध्ये डेट्रॉइटला दाखवली, विक्रीला २०१४ चं मॉडेल म्हणून. चकलीच्या सोऱ्यासारखी कमरेत आवळलेली ती पुढची जाळी पाहून मी पहिल्यांदा तोंड वाकडं केलं होतं. पण लेक्ससने या वेळी पत्र्याखाली खरं काम केलं. मागचं सस्पेन्शन लेक्ससच्याच मोठ्या जीएस गाडीवरून घेतलं, सांगाड्याला जास्त वेल्डिंग आणि चिकटद्रव्यं वापरून तो कडक केला. दोन चाकांमधलं अंतर २७३० वरून २८०० मिलीमीटर झालं, म्हणून मागे माणूस बसू लागला. आणि मागच्या चाकांच्या आयएस ३५० ला आयएस एफवरून उतरलेली आठ गिअरची पेटी मिळाली. चारही चाकांना ताकद देणाऱ्या ३५० ला मात्र जुनी सहा गिअरचीच. न्यू जर्सीच्या बर्फासाठी ती घ्यावी का, तर माझं मत नाही. मागच्या चाकांची घ्या आणि नोव्हेंबरात हिवाळी टायर चढवा.

२०१६ ला दोन लिटरचं टर्बो आलं, आधी २०० टी म्हणून आणि २०१८ पासून तेच ३०० नावानं. नावात ३००, इंजिन दोन लिटरचं. माझ्या जुन्या ३०० शी तिचा नावापलीकडे संबंध नाही, जाहिरात वाचताना फसू नका. २०२१ चं मॉडेल नव्या पिढीसारखं दिसतं, पण खालचा सांगाडा तोच. रुंदी आणि लांबी तीन-तीन सेंटीमीटरने वाढली, चाकं नटांऐवजी बोल्टने बसू लागली, आणि स्क्रीन चालवायची माउससारखी ती वैतागवाडी जाऊन एकदाचा टचस्क्रीन आला. २०२२ च्या आयएस ५०० मध्ये तेच पाच लिटरचं व्ही८ परतलं, या वेळी ४७२ अश्वशक्तीचं.

पुण्यातल्या भावाला फोटो पाठवलात तर तो म्हणेल, "अरे, ही तर ईएस." लेक्सस भारतात २०१७ मध्ये गेली ती ईएस घेऊन, आयएस तिथे विकलीच नाही. ईएस कॅमरीच्या कुळातली, पुढच्या चाकांची. आरामाला उत्तम, पण ही गाडी नव्हे.

तर २०१५ ची ३५० घ्या, तीस हजार मैल जास्त असले तरी. बघायला जाल तेव्हा इंजिन आधी तापवून ठेवू नका असं मालकाला सांगा, थंड असतानाच स्वतः चालू करा. बॉनेट उघडून टॉर्चने पट्ट्याच्या बाजूला, वॉटर पंपाच्या आसपास बघा. वाळलेल्या गुलाबी पावडरीसारखा डाग दिसला तर कूलंट गळतंय. गाडी सोडून देण्याएवढं ते मोठं नाही, पण पंप बदलायचा खर्च किमतीतून कापून मागा.