मदतपानं लिहायला घेतोयस, तर

लिब्रेऑफिस रायटर या वर्डसारख्या मोफत लेखन-प्रोग्रामपासून सुरुवात करतोयस, छान. पण मेनूच्या क्रमाने लिहू नकोस. ‘सेव्ह अ‍ॅज’ म्हणजे काय, हे शोधत कुणी येत नाही; ‘माझी फाइल समोरच्याच्या वर्डमध्ये नीट उघडत नाही’ म्हणून येतात. तेच शीर्षक दे.

एका पायरीत एकच कृती, आणि आधी जागा सांग: ‘वरच्या फाइल मेनूत जाऊन सेव्ह अ‍ॅज निवडा.’ पुढे पडद्यावर काय दिसेल तेही लिही. फाइल डॉकएक्समध्ये, म्हणजे वर्डच्या फॉरमॅटमध्ये, सेव्ह करताना एक चौकट येते: वर्डचा फॉरमॅट ठेवायचा की ओडीएफ, म्हणजे लिब्रेऑफिसचा नेहमीचा? नेमकी इथेच माणसं घाबरतात आणि सगळं रद्द करून बाहेर पडतात. ती चौकट येणार हे आधीच सांग, कुठलं बटण दाबायचं तेही. ‘अगदी सोपं आहे’ असलं काही लिहू नकोस. ज्याला जमत नाहीये त्याच्या मनाला ते लागतं.

चित्रं मोजकीच ठेव. नवी आवृत्ती आली की आधी तीच जुनी होतात.

लिहून झालं की घरातल्या कुणाला तरी ते पान वाचून फाइल सेव्ह करायला सांग. शेजारी बस, पण मध्ये बोलू नकोस. जिथे त्यांचा हात अडेल, तिथलं वाक्य बदल.