नारळ, भात, मासे हे कोकणातलं रोजचं जेवण चांगलं की वाईट?

नारळाला विष म्हणणारे आणि अमृत म्हणणारे, दोघंही अर्धंच सांगतात. खोबरेल तेलात 80 टक्क्यांहून जास्त संपृक्त चरबी (रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवणारी) असते, म्हणून अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2017 मध्ये ते टाळायला सांगितलं. पण आपल्या आमटीत पडतं ते ओल्या खोबऱ्याचं वाटण. त्यात पाणी नि चोथाही असतो आणि ते चौघांत वाटलं जातं. बांगडा, तारली उत्तमच, ओमेगा-3 ही हृदयाला चांगली चरबी भरपूर. फक्त रोज तळू नका, तिरफळं घालून तिखलं (दाटसर तिखट कालवण) करा. उकड्या तांदळाची पेज चालेल, भाताचा डोंगर नको (शेतात राबणाऱ्यांना तो जिरायचा, आपण बाजारालाही स्कूटरने जातो). मला खरी धास्ती खाऱ्या बांगड्याची. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, आणि पानात वर लोणचं असतंच.